प्लेच्या बटणामागचा पत्ता

'अमुक मीटर, म्हणजेच तमुक किलोहर्ट्झवर हे आकाशवाणीचे केंद्र आहे' ही उद्घोषणा मराठी घरांनी काही पिढ्या ऐकली. रेडिओ केंद्र स्वतःचे ठिकाण दिवसातून अनेकदा, न विचारता सांगत असे. ज्याच्याकडे संच असेल त्याने काटा तिथे न्यावा आणि ऐकावे. संच फिलिप्सचा आहे की कोपऱ्यावरच्या कारागिराने जोडलेला, ऐकणारा बंगल्यात बसला आहे की शेतातल्या मांडवात, याची चौकशी प्रक्षेपक करत नसे. त्याला ती करताही येत नसे. रेडिओ इंटरनेटवर आला तेव्हा प्रत्येक केंद्राला पुन्हा असेच एक ठिकाण मिळाले. हा वेबवरचा असा पत्ता आहे की तो कोणत्याही साध्या प्लेअरमध्ये टाकला की बातम्या वाजू लागतात. मात्र ही नवी वारंवारता बहुतेक केंद्रे सांगत नाहीत. ती संकेतस्थळावरच्या प्लेच्या बटणामागे किंवा अ‍ॅपच्या पोटात असते. हा पत्ता शोधून काढता येतो आणि कसा, ते या प्रकरणात येईलच. पण मुद्दा त्यापेक्षा मोठा आहे. बातम्या देणाऱ्या सार्वजनिक प्रसारकाने थेट स्ट्रीमचा पत्ता वारंवारतेसारखाच जाहीर केला पाहिजे आणि तो जपलाही पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

पत्ता बटणामागे गेला, तो कोणाच्या दुष्ट हेतूमुळे नव्हे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातल्या प्रोग्रेसिव्ह नेटवर्क्स या कंपनीने रिअलऑडिओ आणले आणि टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या संथ मोडेमवरही रेडिओसारखा सलग आवाज ऐकता येऊ लागला. त्यासाठी त्याच कंपनीचा प्लेअर लागे. पुढे मायक्रोसॉफ्टने स्वतःचा वेगळा प्रकार आणला. ही कोंडी फोडली ती एमपी३ने. १९९९च्या आसपास विनॅम्प बनवणाऱ्या नलसॉफ्टने शाउटकास्ट आणले आणि त्याच सुमारास आइसकास्ट हा मुक्तस्रोत सर्व्हर तयार झाला. दोन्हींची युक्ती एकच आणि फार सुंदर आहे. सर्व्हर प्लेअरला एक एमपी३ फाइल देऊ लागतो, पण ती फाइल कधी संपतच नाही. प्लेअरच्या दृष्टीने तो एक फार लांब ध्वनिलेख असतो, इतकेच. प्लेअरने मागणी केलीच, तर ठरावीक बाइट्सनंतर चालू कार्यक्रमाचे नावही त्यातच पेरले जाते. असा पत्ता कोणाला द्यायचा तर एम३यू किंवा पीएलएस नावाची इवलीशी फाइल देत. ती नोटपॅडमध्ये उघडली की आत साध्या मजकुराच्या दोन-तीन ओळी दिसतात आणि त्यातली एक ओळ म्हणजे खरा पत्ता. त्या काळात अनेक केंद्रांच्या पानावर 'तुमच्या प्लेअरमध्ये ऐका' अशी लिंक असे. आज ती दुर्मीळ झाली आहे.

तिच्या जागी जे आले ते तांत्रिकदृष्ट्या अधिक सरस आहे, हे मान्य केले पाहिजे. २००९ मध्ये अ‍ॅपलने एचएलएस ही पद्धत मांडली आणि २०१७ मध्ये ती आरएफसी ८२१६ या क्रमांकाखाली प्रसिद्ध झाली. यात न संपणारी फाइल नसते. आवाजाचे काही सेकंदांचे तुकडे केले जातात आणि एका छोट्या यादीत त्यांची नावे लिहिली जातात. या यादीचे नाव बहुधा एम३यू८ या अक्षरांनी संपते. ती उघडून पाहण्यासारखी असते. पहिल्या ओळीत यादीच्या प्रकाराची खूण, मग एक तुकडा जास्तीत जास्त किती सेकंदांचा असेल तो आकडा, मग यादीतल्या पहिल्या तुकड्याचा अनुक्रमांक आणि खाली मोजक्या तुकड्यांची नावे. काही सेकंदांनी तीच यादी पुन्हा मागवली तर अनुक्रमांक पुढे सरकलेला असतो, सर्वांत जुना तुकडा गळालेला असतो आणि तळाशी नवा आलेला असतो. रेकॉर्डिंगच्या यादीत शेवटी 'यादी संपली' अशी एक ओळ असते; थेट प्रसारणाच्या यादीत ती नसते. समोरची गोष्ट खरेच थेट आहे की सकाळचे बातमीपत्र पुन्हा वाजते आहे, याचा अंदाज त्या एका ओळीवरून येतो. हे तुकडे वेबवरच्या इतर कोणत्याही फाइलीसारखे जात-येत असल्यामुळे जगभरच्या साठवण-सर्व्हरांवरून ते स्वस्तात वाटता येतात, आणि नेट मंदावले तर प्लेअर कमी दर्जाच्या तुकड्यांवर उतरतो. किंमत म्हणून आवाज मूळ प्रसारणापेक्षा काही सेकंद, कधी अर्धा मिनिटही, मागे असतो. बातम्यांच्या श्रोत्याला हे सहज परवडते.

आता पत्ता शोधण्याची रीत. संगणकावर क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये केंद्राचे पान उघडावे, एफ१२ कळ दाबावी आणि खाली किंवा बाजूला उघडणाऱ्या चौकटीत 'नेटवर्क' हा भाग निवडावा. प्लेचे बटण त्यानंतर दाबावे, कारण चौकट उघडण्याआधी झालेल्या मागण्या तिथे नोंदल्या जात नाहीत. बटण दाबताच ओळींचा लोंढा सुरू होतो. त्यात चित्रे, जाहिराती, मोजणीची साधने असे सगळे असते. तो गाळण्यासाठी 'मीडिया' हा गट निवडावा किंवा शोधाच्या जागी एम३यू८ लिहून पाहावे. तेही न लागले तर एमपी३ किंवा एएसी. एखादी ओळ सुरू होऊन संपतच नसेल, तिचा आकार वाढतच असेल, तर ती जुन्या पद्धतीची स्ट्रीम आहे. एकच नाव दर काही सेकंदांनी पुन्हा येत असेल आणि मध्येमध्ये आकडे वाढत जाणाऱ्या फाइली येत असतील, तर ते एचएलएस. त्या ओळीवर माउसची उजवी कळ दाबून पत्ता कॉपी करावा, व्हीएलसी प्लेअरमध्ये कंट्रोल आणि एन या कळा दाबून उघडणाऱ्या खिडकीत तो टाकावा आणि वाजवून पाहावा. वाजला तर काम झाले. पुढे तोच पत्ता फोनवरच्या प्लेअरमध्ये, इंटरनेट रेडिओच्या संचात किंवा रोज सकाळी ठरल्या वेळी बातम्या लावणाऱ्या छोट्या संगणकात चालू शकतो.

यात काही खाचाखोचा आहेत आणि बहुतेक लोक तिथेच अडतात. एचएलएसमध्ये दोन पातळ्यांच्या याद्या असतात. वरची यादी निरनिराळ्या दर्जांच्या याद्यांची नावे सांगते, खालची प्रत्यक्ष तुकड्यांची. जतन करायची ती वरची, म्हणजे नेट मंद असताना प्लेअरला निवडीला वाव राहतो. काही केंद्रांचा पत्ता ऐकणाऱ्याला क्षणात दुसऱ्या, क्रमांक लावलेल्या सर्व्हरकडे पाठवतो. तिथेही मूळ पत्ता ठेवावा, कारण क्रमांकाचा सर्व्हर उद्या बंद झाला तरी मूळ पत्ता नव्याकडे वळवला जातो. लहान केंद्रांच्या पत्त्यात पुष्कळदा आठ हजार हा पोर्ट क्रमांक असतो आणि सुरुवातीच्या एचटीटीपीला सुरक्षिततेचे एस जोडलेले नसते. असा पत्ता व्हीएलसीत वाजतो, पण सुरक्षित पानात बसवला की ब्राउझर अडवतो. २०२० पासून क्रोमने यात कडकपणा आणला आहे. शेवटची खाच सर्वांत महत्त्वाची. पत्त्यातल्या प्रश्नचिन्हानंतर अक्षरांची लांबलचक माळ असेल, तर तो मजकूर काढून पत्ता वाजवून पाहावा. वाजला तर ती माळ निव्वळ मोजणीसाठी होती. नाही वाजला तर ती सहीची किल्ली आहे आणि काही वेळाने तिची मुदत संपणार आहे. तिथे थांबावे. प्रसारकाने जाणूनबुजून लावलेले कुलूप फोडणे आणि उघड्यावर असलेला पत्ता वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथे बाजू मांडतो आहे ती फक्त दुसरीची.

पत्ता जाहीर केल्याने प्रसारकाचे काही बिघडते का, हे सिद्धांतात शिरण्याआधी उदाहरणांतून पाहता येते. जर्मनीची सार्वजनिक नभोवाणी डॉइचलांडराडिओ आपल्या केंद्रांच्या थेट स्ट्रीमचे पत्ते स्वतःच्या संकेतस्थळावर देते. कोणत्या दर्जाला कोणता पत्ता आणि कोणता ध्वनिप्रकार, ही माहिती तिथे मिळते. त्या पत्त्यांची रचनाही वाचणाऱ्याला समजेल अशी आहे. डॉइचलांडफुंक या बातम्या-विचारांच्या केंद्राच्या पत्त्यात केंद्राची आद्याक्षरे, दर्जाचा आकडा आणि एमपी३ ही अक्षरे ओळीने येतात. फ्रान्समध्ये १९८७ पासून अहोरात्र बातम्या देणाऱ्या फ्रान्स इन्फोचा आइसकास्ट पत्ताही असाच सरळ आहे, केंद्राचे नाव आणि पुढे मध्यम किंवा उच्च दर्जाची खूण. अमेरिकेतल्या एनपीआरने वेगळा आणि बातम्यांपुरता फार उपयोगी मार्ग काढला. दर तासाला सुमारे पाच मिनिटांचे बातमीपत्र आणि त्याच्यासाठी एक कायमचा आरएसएस पत्ता, ज्यात ताजे बातमीपत्र जुन्याची जागा घेते. हा पत्ता एकदा कोणत्याही साधनात बसवला की विषय संपला. या तिन्ही संस्था बुडालेल्या नाहीत, त्यांचे स्वतःचे अ‍ॅपही चालू आहे आणि थेट पत्त्यावर ऐकणारेही चालू आहेत.

पत्ता जपला नाही की काय होते, याची उदाहरणेही आहेत आणि ती अधिक शिकवतात. बीबीसीने २०१५ मध्ये जुन्या विंडोज मीडिया स्ट्रीम बंद केल्या, तेव्हा बीबीसी ऐकण्यासाठी मुद्दाम विकत घेतलेले अनेक इंटरनेट रेडिओ संच गप्प झाले. तात्पुरती सोय म्हणून शाउटकास्ट पद्धतीचे एमपी३ पत्ते ठेवले गेले. २०२३ मध्ये राष्ट्रीय आणि स्थानिक केंद्रांचे ते पत्तेही आवरते घेतले गेले आणि एचएलएस न समजणारे संच मागे पडले. एकाच कामासाठी समांतर यंत्रणा चालवण्याचा खर्च टाळणे हे बीबीसीचे कारण समजण्यासारखे आहे. पण रेडिओ संच वीस-वीस वर्षे टिकतो आणि श्रोत्याची तीच अपेक्षा असते, हे त्या हिशेबात धरले गेले नाही. दुसरे उदाहरण रेसिव्हाचे. अनेक कंपन्यांचे इंटरनेट रेडिओ केंद्रांचे पत्ते या एका मध्यस्थ यादीतून घेत. २०२१ मध्ये ही सेवा बंद होण्याची वेळ आली आणि केंद्रे चालू, संच धडधाकट, तरी दोघांची गाठ पडेना, अशी स्थिती झाली. केंद्राने पत्ता स्वतः जाहीर केला नाही, तर तो सांगण्याचे काम असा कोणी मध्यस्थ उचलतो आणि मध्यस्थाचा गल्ला बंद झाला की श्रोता वाऱ्यावर. आज रेडिओ ब्राउझर ही स्वयंसेवकांनी चालवलेली, सर्वांना खुली यादी हजारो केंद्रांचे पत्ते सांभाळते. काम मोलाचे आहे. पण सरकारी केंद्राचा पत्ता चालू आहे की मेला, हे जगभरच्या हौशी माणसांनी तपासत बसावे, ही त्या केंद्राला शोभणारी गोष्ट नाही.

भारतात हा प्रश्न इतर देशांपेक्षा तीव्र आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्वाळा दिला. तरीही खासगी एफएम केंद्रांना आजवर स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. २०११च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने त्यांना आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी सहक्षेपित करण्याची मुभा दिली आणि २०१९ मध्ये ती विनामूल्य देण्याची घोषणा झाली. २०२३ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने खासगी केंद्रांना तासाला दहा मिनिटे बातम्या देऊ द्याव्यात अशी शिफारस केली. ही बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. पण तिचा अर्थ असा की भारतात प्रक्षेपित रेडिओवर बातम्या तयार करणारे घर एकच आहे. जिथे वीस केंद्रे बातम्या देतात तिथे एकाचा पत्ता सापडला नाही तर दुसरे ऐकता येते. इथे ती सोय नाही. बीबीसी हिंदीचे लघुलहरी प्रसारण ३१ जानेवारी २०२० रोजी थांबले, तेव्हा बाहेरून येणारा एक जुना आवाजही गेला. मक्तेदारी ज्याच्याकडे, त्याची जबाबदारी इतरांपेक्षा जास्त.

आकाशवाणीने काहीच केलेले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. न्यूजऑनएअर हे अ‍ॅप आणि संकेतस्थळ दोनशेहून अधिक वाहिन्या थेट ऐकवते, प्रादेशिक बातमीपत्रांचे ध्वनिलेख आणि मजकूर तिथे मिळतो, आणि त्यात मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या मराठी बातम्याही असतात. इंदूर, बडोदे किंवा दुबईतल्या मराठी माणसाला पुण्याच्या प्रादेशिक बातम्या ऐकता येणे ही मध्यमलहरींना भरवशाने न जमलेली गोष्ट आहे. पण बटण आहे आणि पत्ता मागे आहे. हौशी याद्यांमध्ये फिरणाऱ्या पत्त्यांत केंद्राचे नाव नसते; 'पीबीऑडिओ' अशी अक्षरे आणि पुढे तीन अंकी क्रमांक असतो. कोणता क्रमांक कोणाचा, हे लोकांनी एकेक वाजवून ठरवले. एखाद्या केंद्राचा पत्ता बदलला की यादीतली नोंद मुकी होते आणि पुन्हा कोणीतरी एफ१२ दाबून बसते.

यावर पहिला आक्षेप असा की अ‍ॅप असताना पत्ता कशाला? बहुसंख्यांना अ‍ॅप पुरेसे आहे, हे खरेच. पण सार्वजनिक सेवेची कसोटी बहुसंख्यांवर लागत नाही. दृष्टिहीन श्रोत्याचा फोन पडद्यावरचे बटण वाचून दाखवतो, ते बटणाला नाव दिलेले असेल तरच. नाव न दिलेल्या चित्रांच्या जंजाळात अ‍ॅप त्याच्यासाठी बंदच असते. थेट पत्ता मात्र तो स्वतःच्या सवयीच्या, पूर्ण वाचता येणाऱ्या प्लेअरमध्ये ठेवू शकतो. जुन्या फोनवर कित्येकदा अ‍ॅपची नवी आवृत्ती चढत नाही, व्हीएलसी चढते. गावातल्या वाचनालयाला सकाळी सात वाजता ध्वनिवर्धकावर बातम्या आपोआप लावायच्या असतील, तर अ‍ॅपच्या जाहिराती आणि परवानग्यांच्या चौकटी कोण बंद करत बसणार?

दुसरा आक्षेप खर्चाचा आहे आणि तो आकड्यांत पाहिला की विरतो. ६४ किलोबिटचा आवाज सेकंदाला ८,००० बाइट खातो. दहा मिनिटांच्या बातमीपत्राला ४.८ मेगाबाइट. एक लाख माणसांनी ऐकले तर सुमारे ४८० गिगाबाइट. हा खर्च श्रोता अ‍ॅपमधून आला काय किंवा पत्त्यावरून आला काय, तेवढाच होतो. उलट थेट पत्त्यावर येणारा चित्रे आणि मोजणीची साधने मागत नाही, म्हणजे थोडा स्वस्तच पडतो. दुसऱ्या कोणी ही स्ट्रीम स्वतःच्या जाहिरातींमध्ये बसवून कमाई केली तर? ती शक्यता आहे, पण ती वापराच्या अटींनी आणि कायद्याने रोखायची गोष्ट आहे. त्यासाठी सगळ्या श्रोत्यांपासून पत्ता लपवून लबाडाचे काही अडत नाही, कारण त्याला एफ१२ माहीत असते. श्रोत्यांची मोजणी होणार नाही, ही तक्रारही टिकत नाही. प्रत्येक तुकड्याची मागणी सर्व्हरच्या नोंदवहीत पडतेच. कळत नाही ते फक्त ऐकणाऱ्याचे नाव, ई-मेल आणि सवयी. २०१९ मध्ये बीबीसीने ब्रिटनमध्ये ट्यूनइन या सेवेवरून आपली केंद्रे काढून घेतली, तेव्हा कळीचा मुद्दा श्रोत्यांच्या माहितीचाच होता. बातम्या ऐकण्याच्या बदल्यात ओळख द्यावी लागणे ही सार्वजनिक नभोवाणीची रीत असू नये.

कायद्याचा आक्षेप अधिक वजनदार आहे. युरोपीय न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०१४ रोजी स्वेन्सन खटल्यात सांगितले की सर्वांना खुल्या असलेल्या मजकुराची लिंक देणे हे हक्कभंगाचे कृत्य नाही, कारण त्यातून नवा श्रोतृवर्ग निर्माण होत नाही. पण २०१९ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने वॉर्नर आणि सोनी विरुद्ध ट्यूनइन खटल्यात परदेशी संगीतकेंद्रांच्या लिंक ब्रिटिश श्रोत्यांना पुरवणाऱ्या व्यापारी सेवेला दोषी धरले, आणि २०२१च्या अपिलात तो निकाल बराचसा कायम राहिला. पुढे २०२२ मध्ये जगभरची केंद्रे ऐकवणाऱ्या रेडिओ गार्डन या सेवेने ब्रिटनमधल्या श्रोत्यांसाठी परदेशी केंद्रे बंद केली. हे दोन निकाल एकत्र वाचले की सीमारेषा स्पष्ट दिसते. तंटा गाण्यांचा आहे, क्रीडा-समालोचनाच्या विकत घेतलेल्या हक्कांचा आहे. बातमीपत्र प्रसारकाच्या स्वतःच्या वृत्तविभागात तयार होते. त्यात कोणत्याही रेकॉर्ड कंपनीचा वाटा नसतो. म्हणून पत्ते उघडे करण्याची सुरुवात बातम्यांपासून करणे सर्वांत सोपे आहे, आणि एनपीआरने तेच केले आहे.

एका गोष्टीत मात्र थेट पत्ता प्रक्षेपकाची जागा घेऊ शकत नाही. पूर आला, वीज गेली, मोबाइलचा मनोरा बंद पडला की दोन सेलवर चालणारा ट्रान्झिस्टरच कामाचा. मध्यमलहरी आणि लघुलहरी गुंडाळताना 'आता सगळे ऑनलाइन आहे' हे कारण कोणी पुढे केले, तर ते नाकारलेच पाहिजे. पण जिथे प्रक्षेपक आधीच बंद झाला आहे किंवा कधी पोहोचतच नव्हता, तिथे हा पत्ता हीच त्या केंद्राची एकमेव वारंवारता आहे.

आकाशवाणी चालवणारी प्रसार भारती ही संस्था माहितीच्या अधिकाराच्या २००५च्या कायद्याखाली येते. नागरिकांना अर्ज करण्याची वेळच येऊ नये इतकी माहिती स्वतःहून प्रसिद्ध करत राहावी, असे त्या कायद्याचे कलम ४ सांगते. प्रत्येक वाहिनीचा थेट पत्ता, त्याचा दर्जा आणि पत्ता बदलणार असेल तर किमान काही महिने आधी सूचना, एवढी एका पानाची यादी त्या कलमात सहज बसते. ती प्रसिद्ध होईपर्यंत वाचकांनी दोन गोष्टी कराव्यात. स्वतःला सापडलेला चालू पत्ता खुल्या यादीत नोंदवावा आणि मेलेला दिसला तर तसे कळवावे. आणि आपल्या भागातल्या केंद्राच्या स्ट्रीमचा पत्ता माहितीच्या अधिकारात मागावा. केंद्र सरकारच्या पोर्टलवर अर्ज ऑनलाइन करता येतो, शुल्क १० रुपये आहे आणि उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते.